गावंदरीची उंच ज्वारी

पोळा झाला की माझी कामं सुरू होतात. महालक्ष्म्यांचे मुखवटे माळ्यावरून काढायचे, चिंचेनं घासायचे. साड्यांना ऊन द्यायचं. फुलोऱ्याचं सामान जुन्या जालन्यातून आणायचं, कारण माहेरच्या गल्लीतला वाणी अजून माझ्या वडिलांचं नाव घेऊन चांगला माल काढून देतो. सोळा भाज्यांतल्या कुठल्या घरी आहेत आणि कुठल्या शोधाव्या लागणार, ते बघायचं. हे सगळं मी कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवते. मुलं हसतात. हसू देत. कागद नसता तर आमच्या महालक्ष्म्या दसऱ्याला जेवल्या असत्या.

एक काम त्या कागदावर कधी नसतं, आणि ते कधी चुकतही नाही. नवीन जालन्यातून एसटीनं जाफराबादला जायचं, तिथून जीप धरून गावी पोचायचं आणि गावाला चिकटून असलेल्या आमच्या शेताशी उभं राहायचं. अशा शेताला गावंदरी म्हणतात. घरातलं कुणीतरी एक जण त्या शेतातल्या ज्वारीत शिरतं. मी रस्त्यावरून बघते, दिसतं का.

सोपं काम आहे. तरी भाद्रपदाचं ते पांढरं, चिकट ऊन पडायला लागलं, वारा पडला, दुपारी गल्लीतली कुत्री सावलीला जीभ काढून बसली, की मला भ्यायला होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली, पण हे काही गेलं नाही. पहिल्या भाद्रपदात ते आलं आणि घरातल्यासारखं राहिलं.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी शहरातली मुलगी, धान्याच्या दुकानात वाढलेली. ज्वारी मला ठाऊक होती ती पोत्यातली. पोळ्यानंतर दोन-चार दिवसांनी मामा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर येऊन म्हणाले, "सूनबाई, लालभडक लुगडं नेसा. रानात जायचंय."

मला वाटलं, नैवेद्य असेल. ताट वाढायला घेतलं तर म्हणाले, "ताट नको. तुमीच पाहिजे."

गावंदरीच्या बांधाशी आमचे हे उभे होते, हसू दाबत. रस्त्याच्या पलीकडं बांगड्यांची पेटी पायाशी ठेवून खातूनबी उभी होती. खातूनबी म्हणजे गावातल्या मणियाराच्या घरची बाई. माझ्या सासूच्या वयाची, अंगानं काटक. गावातल्या सगळ्या मनगटांचं माप तिला पाठ. मला वाटलं, जाता जाता थांबली असेल.

मामा म्हणाले, "आत जा. मधोमध गेलं की बसा. मंग उठा. मी घ्यायला येतो. हाक मारायची न्हाई, दिली तर ओ द्यायची न्हाई."

मी गेले. पहिल्या दोन-तीन ओळी ओलांडल्या आणि मागं वळून पाहिलं तर रस्ता नव्हता. ज्वारी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेली होती. नुकती कुठं निसवायला, कणसं बाहेर टाकायला, लागली होती. पानांच्या कडा उघड्या दंडावर ब्लेडसारख्या फिरत होत्या. मानेत बारीक भुकटी शिरून खाज सुटली. आत वारा नव्हता, तरी सळसळ होत होती, आणि ती माझ्यामुळं होते की आणखी कुणामुळं, ते कळत नव्हतं. कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती. ती गावाच्या बाजूला आहे की ओढ्याच्या, तेही सांगता आलं नसतं. मी बसले. मातीला वाफ होती. उठले. कुणी आलं नाही. घाम पुसायला हात वर केला तर माझ्याच हातातल्या बांगड्या वाजल्या आणि मी अशी दचकले की तोंडातून आवाज फुटता फुटता राहिला. आपण कुणापासून लपलोय ते माहीत नसतानाही माणूस खरोखर लपू शकतो, हे मला त्या दिवशी समजलं.

मामा आले, हाताला धरून बाहेर काढलं. ह्यांना म्हणाले, "दिसली न्हाई. बिलकुल न्हाई."

रस्त्यापलीकडून खातूनबी म्हणाली, "दिसली न्हाई, पण ऐकू आली. म्याच भरल्यात तिच्या बांगड्या, मला वळखू येनार न्हाई का? हाताला फडकं बांधायला पाहिजे, दादा."

"बराबर," मामा म्हणाले. झालं. दोघं आपापल्या कामाला गेले. एवढा मोठा माणूस आणि एवढी मोठी बाई भर दुपारी लपाछपी खेळून गेली, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर गंमत नव्हती.

संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, तेही शर्टाची घडी घालता घालता. "रझाकारीत लोक लपायचे त्यात. बाबांच्या डोक्यातून जात नाही ते. हायब्रीड आली, बुटकी ज्वारी आली, सगळ्या गावानं लावली. बाबा गावंदरीत तीच जुनी उंच पेरतात. वर्षातून एकदा माप घेतात."

शाळेत मी हा इतिहास शिकले होते. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्याच्या बाजूचे रझाकार गावं लुटत-जाळत होते, मुलूख वर्षभरानं भारतात आला, म्हणून सतरा सप्टेंबरला झेंडावंदन आणि चिवडा. पुस्तकात त्याला एक पान होतं. माहेरी दुकानातही तो काळ कधीमधी निघायचा, पण तिथं तो दुकानांच्या फळ्या कुणी कधी लावल्या, कुणाचा माल राहिला, अशा बोलण्यात यायचा आणि गिऱ्हाईक आलं की थांबायचा. इतिहासाला उंची लागते, पेरणीच्या वेळी त्याचं बियाणं निवडावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं मी त्या ज्वारीला सरावले. सरावले म्हणजे भीती गेली असं नाही. पाटा-वरवंट्याची जागा ठरते तशी तिची जागा ठरली. सगळ्या शिवारात कापूस आणि बुटकी ज्वारी, आणि गावाला खेटून हे एकच उंच रान, त्यामुळं पंचक्रोशीतली पाखरं आमच्याकडं. शेजारचे शेतकरी मामांना टोमणे मारायचे. "काय तात्या, औंदाबी पाखरांची पंगत का?" मामा म्हणायचे, "पाखरू खाऊन जातं. घर न्हाई पेटवत." मग पुढचा माणूस तंबाखू मळायला घ्यायचा.

मग कापसाचं वर्ष आलं.

दशक संपत आलं होतं. जालन्याच्या बियाणं कंपन्या गावोगाव सीड प्लॉट देऊ लागल्या होत्या. कपाशीचा प्लॉट म्हणजे बायांचं काम. दुपारनंतर मादी झाडाच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांची टोपी नखानं उतरवायची आणि सकाळी त्यावर नराचं फूल फिरवायचं. बायांना घरून येऊन-जाऊन करता यावं म्हणून शेत गावाजवळ हवं. आमच्या गावंदरीसारखं शेत शोधून सापडलं नसतं. ह्यांनी ठरवलं. मामांना सांगितलं तेव्हा मी चहा गाळत होते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "अन् लपायचं कुठं?"

"कुणापासून लपायचं, बाबा, आता?" हे म्हणाले. "राज आपलं, पोलीस आपले, मतं आपली."

"तवाबी कुणाचं तरी राज होतंच की," मामा म्हणाले, आणि चहा न घेता उठले.

कापूस लागला. सुंदर आला, ते खोटं कशाला बोलू. काळीभोर पानं, पिवळी फुलं, ओळी आखल्यासारख्या. मला आखलेलं आवडतं. मामा मात्र त्या बाजूला फिरकायचे नाहीत. पोळा झाला तरी "लुगडं नेसा" म्हणून ओसरीवर आले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

महालक्ष्म्यांच्या आधी खातूनबी बांगड्या भरायला आली. ती हात हातात घेते तेव्हा अंगठ्याखालचं हाड असं दाबते की बांगडी कधी सरकली कळत नाही. त्या दिवशी हात दाबला आणि तसाच धरून ठेवला.

"दुल्हन," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती मला दुल्हनच म्हणायची. "गावंदरीत कापूस का लावला?"

"प्लॉट घेतलाय, खातूनबी. का हो?"

"मला वाटलं, कडंला तरी चार ओळी असतील ज्वारीच्या. म्या सगळं फिरून बघितलं. न्हाईत."

तिचा हात थंड होता. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दरवर्षी रस्त्यापलीकडं ती जाता जाता थांबत नव्हती.

मग तिनं सांगितलं, बांगड्या भरता भरता, बाजारभाव सांगावा तसं. "रझाकारीत तुझी आजेसासू अन् गल्लीतल्या समद्या बाया ज्वारीत ऱ्हायल्या. सवाशिनी, हातातलं उतरवत न्हाईत. माझ्या अम्मीनं समद्यांच्या हाताला फडकी गुंडाळली, म्हनली, वाजलं तर मराल. म्या ल्हान होते, चिंध्या फाडून देत होते. मंग पोलीस ॲक्शन झाली. फौज आली, निजाम गेला. तुमच्या बाया बाहेर आल्या. अन् मंग आमी आत गेलो."

"त्याच ज्वारीत?"

"मंग काय दुसरी पेरायची? तीच. बसायच्या जागा बी दबलेल्या होत्या अजून. अब्बा जालन्याला गेल्ता, बघून येतो म्हनला. तो आलाच न्हाई." तिनं पुढची बांगडी निवडली. "लेकरं रडायला लागली की अम्मी वांझ ताट, म्हंजी ज्वारीचा धांडा, मोडून चघळायला द्यायची. ज्याला कणीस धरत न्हाई ते ताट लई गोड असतं. अजून मला गोड ताट लांबून वळखू येतं."

"आणि माझी आजेसासू?" मी विचारलं. मला काहीतरी चांगलं ऐकायचं होतं.

"ती न्हाई आली. घाबरली असंल. पण भाकर यायची. तुझा सासरा आणायचा, मिसरूड बी न्हाई फुटलं तवा. बांधावर ठेवायचा अन् गाणं म्हणत निघून जायचा. गळा इतका बेकार की दुसऱ्या कुणाचा म्हणता येईना." ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "माझा मेहबूब म्हणून राह्यला, अम्मी, चल, जुन्या जालन्यात घर घेऊ, तिथं आपली वस्ती हाये. म्या म्हणते, न्हाई. ज्वारी हाये तोवर न्हाई जायचं. औंदा काय सांगू त्याला?"

माझा हात तिच्या हातात होता आणि बांगड्या भरून झाल्या होत्या.

त्या भाद्रपदात हवा बिघडलेली होती. कुणी एक गोष्ट दाखवून 'ही बघा' म्हणावी असं काही नव्हतं. जाफराबादच्या स्टँडवर भिंतीवर नव्या घोषणा लिहिलेल्या. आमच्या चौकात नवा बोर्ड लागला, त्याखाली उन्हात पोरं उभी राहायला लागली, जी आधी कधी कशाखाली उभी राहत नसत. टेपवर भाषणं वाजायची. दुसऱ्या तालुक्यात कुठं काय झालं, ते प्रत्येक जण वेगळं सांगायचा. किराणा दुकानदार मेहबूबशी बोलताना आता वर बघत नव्हता, एवढंच. पण मी दुकानात वाढलेली. गिऱ्हाइकाकडं न बघता माल देणं म्हणजे काय, ते मला समजतं.

मग ती दुपार. मेहबूब पेटी घेऊन बाजाराला गेलेला. दूध घालून परत आलेल्या माणसानं सायकलवरूनच सांगितलं, "एसटी बंद केली. तिकडून जीप निघालीय म्हणतात. गावागावात थांबून राह्यली." कुणाची जीप, कशासाठी, काही नाही. सायकल पुढं गेली. गल्लीतली दारं एकेक करून आतून लागली. भर दुपारी कड्या लागण्याचा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता.

खातूनबी मागच्या दारानं आली. बरोबर सून रजिया आणि कडेवर नात मुन्नी, जेमतेम बोलायला लागलेली. तिघीही ओसरीवर आल्या नाहीत, गोठ्यातच उभ्या राहिल्या. खातूनबी मामांना म्हणाली, "दादा, ज्वारी न्हाई."

हे कंपनीच्या कामानं जालन्याला गेलेले. घरात ठेवावं तर बाहेरच्या माणसानं आधी घरंच बघितली असती. आमचं घर रस्त्यावर, कडबा उन्हाळ्यातच संपलेला. मी खिडकीतून गावंदरीकडं पाहिलं. कंबरेइतका कापूस. त्यात मांजर लपलं नसतं. आणि त्या कापसात, प्लॉटवर रोजानं येणारी गंगूबाईची टोळी वाकून टोप्या काढत होती. डोक्याला टॉवेल, साडीवर नवऱ्याचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट, चेहरा खाली. माझी स्वतःची जाऊ त्यात असती तरी रस्त्यावरून ओळखू आली नसती.

मी ह्यांचे दोन शर्ट आणि दोन टॉवेल काढले. "चला," म्हटलं. "लपायचं नाही. काम करायचं."

बांधावरून शेतात जाताना मी रस्त्याकडं नाही, टोळीकडं बघत होते. माझी भीती जीपची नव्हती, टोळीची होती. त्या बायांपैकी एकीनं जरी मान वर करून "अगं बया, खातूनबी?" म्हटलं असतं तर संपलं होतं. गंगूबाईनं आमच्याकडं बघितलं. शर्ट बघितले. सरकून आपल्या शेजारी दोन ओळी मोकळ्या केल्या.

"खाली वाक," ती खातूनबीला म्हणाली. "ह्या समद्या नवऱ्या. नवरदेव तिकडं कडंला हायेत, त्यांच्याकडं बघायचं न्हाई. नखानं टोपी काढ, आतलं मोडू नको. बांगड्या भरताना बायांची हाडं मोडते तशी न्हाई."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं थांबलं. गंगूबाईनं आपल्या कपाळावर बोट टेकवलं, कुंकवाचं बोट खातूनबीपुढं धरलं.

"तेवढं नको, गंगू," खातूनबी म्हणाली. "नमाज पढायचाय अजून."

"बरं. मंग घाम पुशीत ऱ्हा. पुसलं गेलं म्हनू."

खातूनबीनं टॉवेलचं टोक फाडलं, आधी रजियाच्या, मग स्वतःच्या हाताला गुंडाळलं. मुन्नीला मामांनी घेतलं. ते बांधावर बसले, पोरगी मांडीवर. मी पाण्याची कळशी घेऊन निंबाखाली.

जीप आली. धूळ आधी आली, मग आवाज. गावात न जाता आमच्याच शेताशी थांबली. चार-पाच जण उतरले. तरुण, इस्त्रीचे कपडे, एकाच्या गळ्यात रुमाल. त्यांच्याकडं काही होतं का, मी बघितलं. हातात काही नव्हतं. जीपमध्ये काय होतं, दिसलं नाही.

"राम राम, बाबा. मणियाराचं घर कुठलं हो?"

"कशापायी?"

"काम हाये."

"बाजाराला गेले समदे."

"बाया-पोरं?"

"तीबी."

रुमालवाल्यानं कापसाकडं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. टोळीतली एकही मान वर झाली नाही. पिवळी फुलं आणि वाकलेल्या पाठी. "अन् ह्या बाया?"

"माझ्या हायेत. समद्या."

मग तो मांडीवरच्या मुन्नीकडं वाकला. "नात का? नाव काय गं तुझं?"

त्या पोरीला नाव सांगता येत होतं. मोठ्यानं सांगायची, लाडानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मी बघितलं, तिनं तोंड उघडलं. मामांच्या हाताशी ज्वारी असती तर त्यांनी ताट मोडून दिलं असतं. त्यांनी धोतराच्या सोग्यातली भाकर काढली आणि तिच्या तोंडात कोंबली.

"मुकी हाये," ते म्हणाले.

मुन्नी त्यांच्याकडं बघत राहिली. गाल फुगलेले, डोळे मोठे. तिनं भाकर थुंकली नाही, चावलीही नाही.

"पाणी हाये का, वहिनी?" रुमालवाला मला म्हणाला. मी तांब्या भरला. खातूनबीनं नुकत्याच भरलेल्या नव्या बांगड्या तांब्यावर वाजत होत्या. त्या निंबाखाली दुसरा आवाज नव्हता. तो प्यायला, तोंड पुसलं, "बरं, येतो" म्हणाला. जीप गावातून गेली, कुठं थांबली नाही, पलीकडच्या रस्त्याला लागली.

ते कोण होते, मला आजही माहीत नाही. महालक्ष्म्यांचा सण होता. कुणाच्या घरी माहेरवाशिणी आल्या असतील, बांगड्या भरायला मणियार हवा असेल. तसं असेल तर आम्ही एका गरीब बाईचं चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं. आणि तसं नसेल तर? ह्या दोन्हींतलं एक खरं आहे. ते कुठलं, हे कळायचा काहीही मार्ग नाही. सगळ्यात जास्त भीती मला ह्याची वाटते. ते आमच्याच बोलीत बोलले, मला वहिनी म्हणाले, तांब्या उपडा करून ठेवला, घरच्या माणसासारखा.

दिवस मावळायच्या आत मेहबूब सायकलवरून आला, धड. बाजार लवकर उठला म्हणाला. मुन्नी त्या दिवशी आणि दुसऱ्याही दिवशी एक शब्द बोलली नाही. तिला बोलतं करायला रजियानं काय काय केलं. तिसऱ्या दिवशी ती एकदम "दादी" म्हणाली तेव्हा खातूनबी आमच्या ओसरीवर बसून रडली. ती रडलेली मी तेवढी एकदाच पाहिली.

महिन्याभरात मेहबूबनं बायको-पोरीला जुन्या जालन्यात हलवलं. खातूनबीला न्यायला तो पुन्हा आला. ती उंबऱ्यावर बसली आणि मामांना निरोप धाडला. मामा आले. मेहबूबला म्हणाले, "पुढच्या साली बघ." मेहबूबही त्यांच्याशी वाद घालू शकला नाही. तो गेला, ती राहिली.

पुढच्या सालची पेरणी ह्यांनीच केली. उंच ज्वारी. मामांनी सांगितलं नाही, ह्यांनी विचारलं नाही. त्या भाद्रपदात आत हे स्वतःच गेले.

आता मामा नाहीत. आमचं बिऱ्हाड मुलांच्या शिक्षणासाठी नवीन जालन्यात आलं, हे शेताला जाऊन-येऊन असतात. आसपास सोयाबीन झालंय, गुडघ्याएवढं. गावाच्या पांढरीवरून, म्हणजे वस्तीच्या उंचवट्यावरून, बघितलं तर पार क्षितिजापर्यंत नजर जाते, कुणी उभं राहिलं तरी दिसतं. लोकांना ते मोकळं वाटतं. मला वाटत नाही. उंच ज्वारीचं बियाणं आता दुकानात मिळत नाही. मी घरचंच राखेत घालून डब्यात ठेवते, डब्यावर चिठ्ठी लावते, आणि पेरणीच्या आधी ह्यांच्या पिशवीत पहिल्यांदा तो डबा घालते. मुलगा म्हणतो, "आई, कोण लपणारे आता?" त्याच्या बापानं विचारलं होतं तसंच. टीव्हीवर बातम्या लागतात, कुठल्यातरी शहराचा धूर दिसतो, तो चॅनल बदलतो. मी मनात शेताचं माप घेते.

मुन्नीचं जुन्या जालन्यात बांगड्यांचं दुकान आहे. फुलोऱ्याचं सामान घ्यायला गेले की मी तिच्याकडं बांगड्या भरते. ती भारी बोलकी आहे. मागं एकदा हात दाबता दाबता म्हणाली, "काकू, दादी सांगते मी लहानपणी मुकी होते. खरं का?" मी म्हटलं, "होतीस थोडे दिवस." "मग बरी कशी झाले?" "झालीस आपोआप," मी म्हटलं.

यंदाही पोळा झाला आणि मी गेले. मुलीला बरोबर घेतलं. ती ह्यांच्यावर गेलीय, उंच. तिला लाल ओढणी घ्यायला सांगितली होती. जीपमधून उतरलो तर रस्त्याच्या पलीकडं खातूनबी दगडावर बसलेली. डोळे गेलेत तिचे, पण शेजारच्या पोरीनं हात धरून आणलं होतं, दरवर्षी आणते.

"कोण, दुल्हन?"

"हो, खातूनबी."

"केवढी झाली?"

"हात वर केला तरी कणीस लागत नाही."

"मंग बराबर." ती काठीवर हनुवटी टेकून बसली. "मला दिसत न्हाई. तू बघ, म्या ऐकते."

मुलगी हसत हसत आत गेली. लाल ओढणी एका ओळीत दिसली, दुसऱ्या ओळीत अर्धी, मग नाही. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. पानं हलायची थांबली. माझी मुलगी तिथं आहे हे मला माहीत होतं आणि ती कुठंच नव्हती. हेच तर बघायला मी एवढ्या लांबून आले होते. तरी तिला हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं. हाक मारायची नाही.

आणि ज्वारीत मधोमध गाणं वाजलं. मोठ्यानं, नाचायचं, कुठल्यातरी सिनेमातलं. पाखरांचा थवा भर्रकन उठला. ती कुठल्या ओळीत बसलीय, ते आता साऱ्या गावाला सांगता आलं असतं.

खातूनबीनं मान वर केली. "हे काय वाजलं?"

"फोन आहे तिचा. तिच्या वडिलांचा असेल, पोचलात का म्हणून."

ती न दिसणारे डोळे ज्वारीकडं लावून गाणं संपेपर्यंत ऐकत राहिली.

"त्याला बी फडकं बांध," ती म्हणाली.

मी पिशवीत हात घातला. माझ्या पिशवीत फडकं असतंच. ते घेतलं, बांगड्या मनगटावर वर सारून घट्ट धरल्या, आणि आत शिरले.